यंग डिसायपल्स (लंडन, १९९०–९२): एका अल्बमच्या बँडचा सगळा हिशोब

तबकडीवाला

अ‍ॅसिड जॅझचा (जॅझ, फंक आणि क्लबच्या ठेक्याची सरमिसळ) विषय निघाला की जमिरोक्वाय, इनकॉग्निटो, ब्रँड न्यू हेवीज ही नावं पटापट येतात. यंग डिसायपल्सचं नाव आलंच तर 'ते एक गाणं गाजलं होतं ना' इथपर्यंत येऊन गाडी थांबते. हा अन्याय आहे, म्हणून वेगळा धागा. मला माहीत असलेलं खाली मांडतो. चुका दाखवा, भर घाला.

माणसं तीन. मार्को नेल्सन: बेस, शिवाय गिटार आणि ऑर्गन. फेमी विल्यम्स: डीजे आणि प्रोग्रॅमिंग. कार्लीन अँडरसन: गायिका, जन्म ह्यूस्टन, टेक्सास, १९५७. पुढची चर्चा समजायला ही रचना लक्षात ठेवा. यात ड्रमर नाही, कायमचा कीबोर्डवाला नाही, ब्रास नाही. रेकॉर्डवर जे भरगच्च ऐकू येतं ते पाहुणे वादक, सॅम्पलर (रेकॉर्डचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र) आणि मार्कोचे दोन हात यांच्यातून आलेलं आहे.

लेबल टॉकिन लाउड. डीजे जाइल्स पीटरसनने १९९० मध्ये फोनोग्राम या मोठ्या कंपनीच्या छत्राखाली काढलेलं, सुरुवातीला नॉर्मन जे सोबत. पहिल्या फळीत गॅलियानो, इनकॉग्निटो, ओमार आणि हे तिघं.

ब्रिटिश चार्टमधला प्रवास असा:

१९९०: 'गेट युवरसेल्फ टुगेदर', ६८ वा क्रमांक.
१९९१ फेब्रुवारी: 'अपॅरंटली नथिंग', ४६.
१९९१ ऑगस्ट: तेच गाणं पुन्हा काढलं, १३. त्याच सुमारास अल्बम 'रोड टू फ्रीडम', २१.
१९९१ ऑक्टोबर: 'गेट युवरसेल्फ टुगेदर' पुन्हा, ६५.
१९९२: बँडच्याच नावाचा ईपी (सिंगलपेक्षा मोठी, अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड), ४८.

१९९२ मध्येच ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं मर्क्युरी पारितोषिक सुरू झालं आणि पहिल्याच यादीत 'रोड टू फ्रीडम' होता. सोबत यू२, सिम्पली रेड, सेंट एटिएन. पारितोषिक प्रायमल स्क्रीमला गेलं. कार्लीन त्याच वर्षी बाहेर पडली आणि दुसरा अल्बम झालाच नाही. पहिल्या सिंगलपासून मोजलं तर दोन वर्षं.

रविवार_दुपार

उत्तम धागा. पार्श्वभूमी मी भरतो, कारण तिच्याशिवाय हा बँड हवेतून पडल्यासारखा वाटतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून लंडनमध्ये 'रेअर ग्रूव्ह'चं वेड होतं. हा शब्द नॉर्मन जे याच्या किस एफएमवरच्या कार्यक्रमातून रुळला. किस तेव्हा बिनपरवाना स्टेशन होतं. १९७० ते ७५ च्या दरम्यानच्या, अमेरिकेत खपून विस्मरणात गेलेल्या किंवा मुळात न खपलेल्या फंक रेकॉर्ड शोधायच्या आणि रिकाम्या गोदामांतल्या रात्रींना वाजवायच्या, असं ते होतं. जेम्स ब्राउन आणि त्याच्या गोतावळ्याच्या रेकॉर्डना यात सगळ्यात मोठा मान. मेसिओ अँड द मॅक्सचं 'क्रॉस द ट्रॅक्स' मूळ १९७४ चं, पण या मागणीमुळे १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा निघालं. १९८६ चं 'इन द जंगल ग्रूव्ह' हे जेम्स ब्राउनचं संकलन तर प्रत्येक सॅम्पलरवाल्याच्या पेटीत असायचंच.

दुसरा धागा लंडनच्या कॅम्डन भागाचा. डिंगवॉल्स या क्लबमध्ये जाइल्स पीटरसन आणि पॅट्रिक फोर्ज रविवारी दुपारी सत्र चालवायचे. दुपारी! रात्रीच्या क्लबात लोक हार्ड बॉप (जॅझचा एक प्रकार) ऐकत उभे राहणार नाहीत. दुपारी राहतात, आणि तिथे तर नाचायचेसुद्धा. सत्राचं नाव 'टॉकिन लाउड अँड सेइंग समथिंग'. तेच पुढे लेबलचं नाव झालं.

'अ‍ॅसिड जॅझ' हा शब्द याच मंडळींनी अ‍ॅसिड हाउस या क्लबी संगीताच्या गदारोळात खुबीने काढला. त्या नावाचं लेबल पीटरसन आणि एडी पिलर यांनी १९८७ मध्ये सुरू केलं, मग पीटरसन टॉकिन लाउडकडे गेला. म्हणजे काटेकोर बोलायचं तर यंग डिसायपल्स 'अ‍ॅसिड जॅझ' या लेबलवर कधीच नव्हते. बरेच जण ही गल्लत करतात.

निषाद_कोमल

रविवार_दुपार, नावाचा मुद्दा अजून एक पायरी खाली नेते, कारण त्यातच या बँडचं मर्म आहे.

'टॉकिन लाउड अँड सेइंग समथिंग' हे जेम्स ब्राउनच्या 'टॉकिन लाउड अँड सेइंग नथिंग' या १९७२ मध्ये निघालेल्या गाण्याचं उलटं केलेलं नाव. त्या गाण्याचे लेखक दोघं: जेम्स ब्राउन आणि बॉबी बर्ड. बॉबी बर्ड म्हणजे ब्राउनच्या फेमस फ्लेम्स या गटाचा संस्थापक, 'सेक्स मशीन'मध्ये ब्राउनच्या प्रत्येक हाकेला ओ देणारा दुसरा आवाज. तो कार्लीनचा सावत्र बाप. आई विकी अँडरसन, जेम्स ब्राउनच्या ताफ्यातली अव्वल गायिका. मूळ नाव मायरा बार्न्स, आणि १९७० चं 'मेसेज फ्रॉम द सोल सिस्टर्स' याच नावाने निघालं. रेअर ग्रूव्हवाले या रेकॉर्डवर जीव टाकायचे.

म्हणजे लेबलचं नाव सावत्र बापाच्या गाण्यावरून, क्लबात वाजणाऱ्या रेकॉर्ड आईबापाच्या, आणि मुलगी त्याच शहरात येऊन त्याच लेबलवर गाते. बॉबी बर्डच्या १९७१ च्या 'आय नो यू गॉट सोल'वरून एरिक बी आणि रकीम या रॅप जोडीने १९८७ मध्ये रेकॉर्ड केली तेव्हा नवी पिढी त्या आवाजाकडे वळली होतीच. कार्लीनच्या गाण्यात मात्र फंकपेक्षा चर्च जास्त आहे. ती ह्यूस्टनच्या गॉस्पेलवर वाढलेली. तिची ताकद तारसप्तकात आहे असं सगळे म्हणतात. मला उलट वाटतं. ती मध्यसप्तकात शब्द जवळजवळ बोलल्यासारखा टाकते आणि ओळीच्या शेवटी एकदम हरकत घेऊन उसळते. ती उसळी मोठी वाटते कारण आधी तिने काहीच दाखवलेलं नसतं.

गायिका जेलिसा अँडरसन (१९९४ चा 'गॅलेक्टिका रश') ही तिची चुलत बहीण. आवाजातलं साम्य जाणवलं असेल तर ते उगाच नाही.

समेवर

चार्टच्या आकड्यांबद्दल. ४६ वरून १३ ही उडी 'गाणं हळूहळू लोकांपर्यंत पोचलं' अशी सांगितली जाते, ते अर्धंच खरं आहे. यंत्रणा समजून घ्या.

तेव्हा पहिल्या ४० मध्ये आल्याशिवाय राष्ट्रीय रेडिओच्या रविवारच्या मोजणीत गाणं वाजत नसे आणि टीव्हीवर येण्याची शक्यताही जवळजवळ शून्य. क्लबमधून वर येणाऱ्या रेकॉर्डचं दुखणं असं की तिचा सगळा गिऱ्हाईक डीजे आणि त्यांच्या मागचे लोक. ते पहिल्याच आठवड्यात १२ इंची (क्लबात वाजवायची मोठी सिंगल) घेऊन जातात. रेकॉर्ड ४० च्या आसपास येऊन आपटते आणि दुसऱ्या आठवड्यात उतरते. रेडिओ जागा होईपर्यंत दुकानात माल नसतो. ४६ हा अगदी त्याच खड्ड्यातला क्रमांक आहे.

लेबलने काय केलं? सहा महिने थांबून तेच गाणं अल्बमला जोडून पुन्हा काढलं. मधल्या काळात ते क्लबात आणि किसवर वाजतच होतं (किसला परवाना मिळून १ सप्टेंबर १९९० पासून ते रीतसर चालू झालं होतं, हे विसरू नका). म्हणजे ऑगस्टमध्ये ज्यांना हवं होतं ते सगळे एकाच आठवड्यात दुकानात गेले. टॉकिन लाउडचाच तो उन्हाळा होता: इनकॉग्निटोचं जोसेलिन ब्राउनने गायलेलं 'ऑल्वेज देअर' ६ व्या क्रमांकावर, ओमारचं 'देअर्स नथिंग लाइक धिस' १४ वर.

आणि हाच उपाय ऑक्टोबरमध्ये 'गेट युवरसेल्फ टुगेदर'वर केला तो फसला. आधी ६८, नंतर ६५. कारण साधं आहे. अल्बम तोवर लोकांच्या घरात होता आणि ते त्याचं पहिलंच गाणं. ज्याच्याकडे अल्बम आहे तो सिंगल कशाला घेईल?

खर्जातला

समेवर, पटलं. फक्त फेब्रुवारीच्या पहिल्या खेपेबद्दल एक जोड हवी. तेव्हा आखाती युद्ध चालू होतं. 'अपॅरंटली नथिंग' हे गाणं इतिहासातून माणूस काय शिकला असं विचारतं आणि उत्तर नावातच देतं. त्याच युद्धाच्या दिवसांत पीटरसनने जॅझ एफएमवर शांततेच्या बाजूची गाणी लावली आणि त्याचं तिथलं काम गेलं. हे गाणं पार्टीचं म्हणून ऐकणाऱ्यांनी एकदा शब्दांकडे लक्ष देऊन ऐकावं.

आता माझ्या आवडीचा भाग, ठेका. तिघांपैकी एक डीजे आणि एक बेसवाला, या जोडीतून आवाज कसा बनतो ते पायरीपायरीने सांगतो. या बँडने नेमकी कुठली यंत्रं वापरली यात मी शिरत नाही. त्या काळच्या लंडनच्या स्टुडिओंत सर्रास जे चालायचं ते सांगतो.

१. डीजे जुन्या रेकॉर्डमधला दोन बारांचा ड्रमचा तुकडा काढतो. १०० बीपीएमला (मिनिटाला १०० ठोके) एक ठोका ०.६ सेकंद, चार ठोक्यांचा बार २.४, दोन बार ४.८ सेकंद.

२. तो सॅम्पलरमध्ये भरायचा. अकाई एस१००० मध्ये मूळ २ मेगाबाइट मेमरी, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. मोनोत साधारण २३.८ सेकंद मिळतात, स्टिरिओत निम्मे. म्हणजे ४.८ सेकंदांचे चार तुकडे मोनोत बसतात आणि हाताशी साडेचार सेकंद उरतात. एसपी-१२०० असेल तर एकूण १० सेकंदच, तेही १२ बिट आणि २६ किलोहर्ट्झवर.

३. म्हणून युक्ती: ३३⅓ ची रेकॉर्ड ४५ वर फिरवून सॅम्पल करायची आणि आत गेल्यावर खाली उतरवायची. वेग १.३५ पट, मेमरी २६ टक्के वाचते. उतरवताना सुमारे ५.२ सेमीटोन (पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक) खाली आणावं लागतं आणि वरची चमक जाते, थोडी खरखर येते. त्या काळच्या ड्रमला जो मातकट पोत आहे त्याचा बराच भाग असा काटकसरीतून आलेला आहे.

४. त्या तुकड्यात जुना बेसही असतो. तो तसाच ठेवून वर मार्कोसारख्याचा बेस चढवला की चिखल होतो. तेव्हा तुकड्याचा १५० हर्ट्झखालचा भाग कापायचा. पण त्याबरोबर किकचं (मोठ्या ड्रमच्या ठोक्याचं) पोटही जातं, म्हणून खाली नवी किक घालायची. इथे हमखास चूक होते. नवी किक जुन्या किकपेक्षा १०–१५ मिलिसेकंद पुढेमागे बसली तर दोन ठोके ऐकू येतात, दार दोनदा आपटल्यासारखे. कानाने जुळवायचं, यंत्राच्या चौकटीवर विसंबायचं नाही. कारण मूळ ड्रमर चौकटीवर वाजवत नव्हता.

५. आता झोल, म्हणजे स्विंग. १०० बीपीएमला सोळाव्या भागाची जोडी ३०० मिलिसेकंदांची. ५० टक्के म्हणजे बरोबर मधे, १५० वर. ५६ टक्के केलं की दुसरा ठोका १६८ वर, १८ मिलिसेकंद उशिरा. तेवढ्याने मान हलायला लागते. ६६ च्या पुढे गेलात की शफल होतं आणि हा बाज निघून जातो.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर तीनतालासारखे १६ कप्पे आहेत, पण खाली-भरीचा विचार नाही. सगळा भार समेवर. जेम्स ब्राउनचे वादक 'द वन' म्हणतात ते हेच. बेसवाल्याने सम ठाम घ्यायची, दुसरा ठोका स्नेअरला (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमला) मोकळा सोडायचा आणि तिसऱ्याच्या अलीकडे-पलीकडे काय ते बोलायचं.

अनघा_

खर्जातला, एक प्रश्न. रेकॉर्डचा वेग बदलला की सूरही बदलतो. मग त्यावर ऑर्गन आणि गायिका कशा जुळवायच्या? 'रोड टू फ्रीडम'मध्ये कुठेही बेसूर वाटत नाही, पण त्या काळच्या इतर बऱ्याच रेकॉर्डमध्ये बेस आणि कीबोर्ड एकमेकांना खाताना ऐकू येतात.

खर्जातला

अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. ९६ चा तुकडा १०० वर आणायचा तर वेग सुमारे ४.२ टक्के वाढतो आणि सूर ७१ सेंट चढतो (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन). म्हणजे धड पुढच्या स्वरावर नाही, धड आधीच्या स्वरावर नाही. तुकड्यात नुसते ड्रम असतील तर फारसं बिघडत नाही, फक्त स्नेअरचा सूर जरा वर जातो. पण त्यात गिटारचा एक खटका किंवा पियानोचा एक स्वर जरी असला तरी पंचाईत.

उपाय तीन, आणि तिन्हीला किंमत आहे.

पहिला: सगळ्यांनी तुकड्याप्रमाणे लावून घ्यायचं. बेसला दोन मिनिटं. रोड्सला (विजेच्या पियानोला) दमछाक, कारण ७३ तारांवरच्या स्प्रिंगा एकेक सरकवाव्या लागतात. हॅमंड ऑर्गनला अशक्य. तिचा सूर विजेच्या मोटरला बांधलेला. (६० हर्ट्झची अमेरिकन हॅमंड ब्रिटनच्या ५० हर्ट्झवर लावली तर तीन सेमीटोनपेक्षाही थोडी जास्त उतरते, त्यामुळे तिला वेगळा कन्व्हर्टर लागतो.) बेस तुकड्याला जुळवला आणि हॅमंड तशीच ठेवली की अनघा म्हणतात तसं खाणं सुरू होतं.

दुसरा: तुकड्याचा वेग पूर्ण सेमीटोनच्या मापात बदलायचा, म्हणजे ५.९५ टक्क्यांनी. ९४.४ चा तुकडा बरोबर १०० वर येतो आणि सूर नेमका एक सेमीटोन चढतो. मग गाण्याची लय तुकडा ठरवतो, तुम्ही नाही. गायिकेला पट्टी सोसत असेल तरच हे करता येतं.

तिसरा: तुकड्यातून फक्त ड्रम घ्यायचे आणि स्वर असलेलं सगळं नव्याने हाताने वाजवायचं. बँडमध्ये बेस, गिटार आणि ऑर्गन तिन्ही वाजवणारा माणूस असेल तर हाच मार्ग सोपा. हा अल्बम स्वच्छ वाटतो त्याचं श्रेय मी मार्कोला देतो.

तबकडीवाला

तिसऱ्या मार्गाचा आणखी एक फायदा, जो तेव्हा फारसा कोणाला दिसत नव्हता. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात निकाल लागला आणि परवानगीशिवाय सॅम्पल घेणं एकाएकी महाग झालं. ज्यांचं सगळं तुकड्यांवर उभं होतं त्यांना पुढच्या रेकॉर्डचा बेतच बदलावा लागला. ज्यांच्याकडे हाताने वाजवणारे होते त्यांना तितकी झळ बसली नाही. म्हणूनच दुसरा अल्बम न होण्याची रुखरुख जास्त. हे तिघं पुढच्या काळासाठी नेमके तयार होते.

समेवर

तयार होते हे मान्य. पण टिकण्यासाठी मुळात बँड होता का, हा माझा प्रश्न आहे.

ब्रँड न्यू हेवीज घ्या. लंडनच्या ईलिंग भागातले तिघं: यान किंकेड ड्रम, सायमन बार्थोलोम्यू गिटार, अँड्र्यू लेव्ही बेस. सगळे वादक, शाळेपासूनचे. गायिका आली, गेली, दुसरी आली, आवाज टिकला, कारण ठेका त्या तिघांच्या हातात. यंग डिसायपल्समध्ये गायिका हा तिसरा हिस्साच होता. शिवाय ती गाणी लिहिण्यातही होती. ती गेल्यावर उरले एक डीजे आणि एक वादक-निर्माता. ही निर्मात्यांची उत्तम जोडी आहे, पण रंगमंचावर उभा राहणारा बँड नाही. गॅलियानो चार अल्बम टिकले, कारण तिथे बोलणारा रॉब हाच केंद्र होता आणि तो हलला नाही.

म्हणून 'बँड फुटला' हा शब्दप्रयोग मला इथे चुकीचा वाटतो. तिघांनी एक रेकॉर्ड केली. तिची मुदत संपली.

निषाद_कोमल

समेवर, इथे मी तुमच्याशी असहमत आहे. 'एक रेकॉर्ड केली' म्हणण्याने अल्बमची बांधणी झाकली जाते. शेवटाकडचा 'फ्रीडम सूट' ऐका. तीन भागांचा, गाण्यांच्या चौकटीत न बसणारा. फक्त सिंगल काढून मोकळं व्हायचं असतं तर कुणी हा उद्योग करत नाही. अल्बमचं नाव, सूटचं नाव, 'अपॅरंटली नथिंग'चा विषय, सगळं एका दिशेने जातं. मधे रॅप आहे, डब (गाणं मागे सारून बेस-ड्रम पुढे आणणारा रेगेचा प्रकार) आहे, वाद्यांचे तुकडे आहेत. बँड म्हणून एकत्र विचार करणाऱ्या माणसांचं हे काम आहे.

कार्लीन गेली त्याचं कारण मला तिच्या वयात आणि वाटचालीत दिसतं. अल्बम आला तेव्हा ती तिशी ओलांडून पुढे गेलेली, स्वतःची गाणी असलेली बाई होती. क्लबच्या ठेक्यावर तीन मिनिटं गाऊन तिचं भागणारं नव्हतं. १९९४ चा 'ट्रू स्पिरिट' ऐकला की कळतं. तिथे ठेका मागे सरकतो, गाणं पुढे येतं. तो ब्रिटनमध्ये १२ व्या क्रमांकावर गेला, म्हणजे बँडच्या अल्बमपेक्षा नऊ पायऱ्या वर.

समेवर

सूटबद्दलचा मुद्दा मान्य, तो मी हलक्यात घेतला होता. अल्बम म्हणून तो एकसंध आहे. माझा आक्षेप फक्त 'फुटला' या शब्दाला.

रविवार_दुपार

पुढे कोण कुठे गेलं ते एकत्र नोंदवून ठेवू या, कारण हे कुठेच एका जागी नसतं.

मार्को नेल्सन गायक-गिटारवादक पॉल वेलरकडे. वेलरचा १९९३ चा 'वाइल्ड वुड' काढा आणि बेसकडे कान द्या. लोक त्या अल्बमला गावाकडच्या, गिटारच्या बाजाचा म्हणतात, पण खालचा बेस कुठल्या शाळेतला आहे ते लगेच कळतं. सम ठाम, दुसरा ठोका मोकळा, खर्जातला वर म्हणाले तसंच.

फेमी डीजे म्हणूनच राहिला, फेमी फेम या नावाने.

कार्लीनचं 'ट्रू स्पिरिट'नंतर १९९८ मध्ये 'ब्लेस्ड बर्डन'. मग १९९९–२००० मध्ये ती ब्रँड न्यू हेवीजसोबत गायली.

आणि लेबल? टॉकिन लाउडला मर्क्युरी मिळालंच, पण १९९७ मध्ये, रोनी साइझ आणि रेप्रझेंटच्या 'न्यू फॉर्म्स'साठी. ड्रम अँड बेसच्या रेकॉर्डला. पाच वर्षांत लंडनचा ठेका कुठून कुठे गेला ते या दोन रेकॉर्ड लागोपाठ ऐकल्या की कळतं.

अनघा_

रेकॉर्ड विकत घ्यायची असेल तर काय पाहायचं? 'अपॅरंटली नथिंग'च्या इतक्या आवृत्त्या दिसतात की गोंधळ होतो. दुसरं म्हणजे शोधताना 'यंग डिसायपल्स' नावाने सत्तरीतल्या वाटणाऱ्या ४५ च्या तबकड्या येतात, त्या कोणाच्या?

तबकडीवाला

त्या वेगळ्या. अमेरिकेत ईस्ट सेंट लुईसला याच नावाचा जुना सोल बँड होता. 'क्रम्ब्स फ्रॉम द टेबल' वगैरे त्यांचं. छान आहे, पण याचा त्याच्याशी संबंध नाही. विक्रेते दोन्ही एकाच खणात टाकतात, म्हणून लेबल बघा. टॉकिन लाउड नसेल तर पुढे चला.

आवृत्त्यांबद्दल. अल्बमवर जी आहे तिच्या नावापुढे 'सोल रिव्हर' असं लिहिलेलं असतं. ओळखीची तीच हवी असेल तर १२ इंचीच्या लेबलवर ते दोन शब्द शोधा. नुसतं गाण्याचं नाव पाहून घेतलीत तर भलतंच मिक्स हाती येऊ शकतं. टॉकिन लाउडच्या सिंगलचे क्रमांक 'टीएलके'ने सुरू होतात. त्यापुढे 'एक्स' असेल तर १२ इंची, 'सीडी' असेल तर सीडी. फेब्रुवारीची आणि ऑगस्टची खेप दिसायला जवळची आहे, त्यामुळे मुखपृष्ठाच्या फोटोवर न जाता मागच्या बाजूची गाण्यांची यादी मागवा.

अल्बमचा क्रमांक पॉलिग्रामच्या (फोनोग्रामची पालक कंपनी) पद्धतीचा आहे. शेवटचा आकडा १ असेल तर एलपी, २ असेल तर सीडी, ४ असेल तर कॅसेट. यादीत फोटो नसला तरी या एका आकड्यावरून माल कळतो.

एलपी की सीडी? माझं मत १२ इंची सिंगल आणि अल्बमची सीडी. एलपीची बाजू २२ मिनिटांच्या पलीकडे गेली की खाचा जवळ घ्याव्या लागतात, आवाजाची पातळी उतरते आणि सगळ्यात आधी मार बसतो तो खालच्या बेसला. या बँडचा जीव तिथेच आहे. ४५ च्या वेगाच्या १२ इंचीवर तेच गाणं जास्त जागा घेऊन बसतं आणि किक छातीत लागते. शिवाय वापरलेली १२ इंची बहुतेक कुठल्यातरी डीजेच्या पेटीतून आलेली असते. पहिल्या काही खाचा पांढुरक्या दिसतात, कारण तिथे सुई ठेवून रेकॉर्ड मागेपुढे फिरवलेली असते. गाण्याच्या सुरुवातीला आठ-दहा सेकंद खसखस येईल, पुढे साफ. तेवढ्यासाठी रेकॉर्ड सोडू नका, पण किंमत कमी करून मागा.

खर्जातला

तबकडीवाला, बेसच्या मुद्द्याला दुजोरा. बेसची सगळ्यात खालची मोकळी तार ई, ४१.२ हर्ट्झ. मोबाइलच्या स्पीकरवर ती मुळात पोचतच नाही, फक्त तिचे वरचे अंश ऐकू येतात. हा अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्याने निदान बरे हेडफोन लावावेत. बेस नसेल तर कार्लीनचा आवाज हवेत तरंगतो आणि हे गुळगुळीत सोल आहे असा गैरसमज होतो.

निषाद_कोमल

ऐकण्याचा क्रम विचारणाऱ्यांसाठी: आधी विकी अँडरसनचं 'मेसेज फ्रॉम द सोल सिस्टर्स', मग बॉबी बर्डचं 'आय नो यू गॉट सोल', मग 'गेट युवरसेल्फ टुगेदर'. तिन्ही मिळून पंधरा मिनिटांच्या आसपास. आईबापाकडून काय आलं आणि लंडनमध्ये काय नवीन जोडलं गेलं, दोन्ही तेवढ्यात कळतं. जोडलेलं म्हणजे मुख्यतः मोकळी जागा. जेम्स ब्राउनच्या ताफ्यात प्रत्येक कप्प्यात कोणीतरी वाजवत असतं. इथे कप्पे रिकामे ठेवले आहेत. ती रेगे आणि साउंड सिस्टिमची देणगी, आणि ती लंडनचीच.

समेवर

निषाद, हा मोकळ्या जागेचा मुद्दा २००० च्या आवृत्तीशी ताडून पाहण्यासारखा आहे. ब्रँड न्यू हेवीजनी 'अपॅरंटली नथिंग' पुन्हा केलं तेव्हा गायिका कार्लीनच, गाणं तेच, वादक कसलेले, तरी ते ३२ वर थांबलं. तिथे ड्रम जिवंत वाजवलेले आहेत, गिटार भरलेली आहे, कुठेही पोकळी नाही. दोन्ही लागोपाठ लावा आणि आवाजाकडे दुर्लक्ष करून फक्त दुसऱ्या ठोक्यानंतर काय येतं तेवढं मोजा. १९९१ मध्ये तिथे काय सोडून दिलं होतं ते २००० च्या आवृत्तीत भरलेलं दिसेल.

निषाद_कोमल

लावून पाहिलं. हो, तिथेच आहे. आणि कार्लीनसुद्धा दोन्हीकडे वेगळी गाते. १९९१ मध्ये ओळ ठोक्याच्या किंचित मागे ठेवते, २००० मध्ये ठोक्यावर.